खुर्चीचं माप

गादीच्या पंपाची घरघर दारातच ऐकू येते. ती कानावर पडली की माझी नजर आधी गादीकडे जाते, मग तिच्यावर पडून असलेल्या तरुणाकडे. गादीतले फुगे आळीपाळीने भरताहेत, रिकामे होताहेत; मघाशी कमरेखाली जो टणक होता तो आता मऊ पडलाय आणि शेजारचा वर आलाय. ज्या कातडीला दुखलेलं कळत नाही, तिच्यावरचा भार असा दुसऱ्या कुणाला तरी हलवत ठेवावा लागतो. पंप ते काम दिवसरात्र करतो, आणि तरीही रात्री दर दोन तासांनी मावशी, म्हणजे त्याची आई, उठून त्याची कूस बदलतात. पंप आहे म्हणजे कूस बदलायची गरज नाही, हा समज मी कितीतरी घरांत पाहिलाय. तिथे माकडहाडावर मुठीएवढ्या जखमा झालेल्याही पाहिल्यात. इथे तसं नाही. मी त्याला कुशीवर घेऊन माकडहाड, दोन्ही खुबे आणि टाचा बघते. कुठेही लाली नाही.

"पास का, ताई?" तो उशीतूनच विचारतो.

"पास. पण संध्याकाळी खाली किती वेळ बसणार आहेस ते आधी सांग."

परळ-लालबागच्या गल्ल्यांतली पुनर्विकासाची इमारत, चौथा मजला, ३०० चौरस फुटांचं घर. दुपारचे साडेतीन वाजलेत, बाहेर जुलैचा पाऊस. गुरुपौर्णिमा होऊन गेलीय, म्हणजे खाली पटांगणात दहीहंडीच्या गोविंदा पथकाचा सराव सुरू झालाय. हा त्याच पथकातला. सहाव्या थरावरून डोक्यावर पडला तेव्हा बाविशीत होता. आता तिशी ओलांडलीय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मानेच्या मणक्याला मार बसलेल्या माणसांच्या घरी जायचं आणि त्यांचं जेवण, आंघोळ, फोन, खुर्ची यांची घडी बसवून द्यायची, हे माझं काम.

या कामात पहिला प्रश्न कुठलं यंत्र घ्यायचं हा नसतो. शरीरात हालचाल कुठपर्यंत उरलीय, हा असतो. मानेतल्या नसांच्या आठ जोड्या असतात. पाचवीपर्यंत शाबूत असतील तर खांदा उचलता येतो, कोपर दुमडता येतं. सहावी असेल तर मनगट वर उचलता येतं. सातवीने कोपर सरळ होतं, आठवीने बोटं मिटतात. त्याचा डावा हात पाचवीला थांबतो आणि उजवा सहावीला. एका जोडीचा हा फरक बाहेरच्या माणसाला दिसतही नाही. घरात मात्र सगळं त्यावरच उभं आहे.

मावशी पोहे आणि चहा आणतात. पलंगाचा डोक्याकडचा भाग त्या हँडल फिरवून वर करतात आणि त्याच्या मांडीवरून टेबल ओढतात. आता त्याचा उजवा हात बघण्यासारखा आहे. तो हात मगाजवळ नेतो आणि मनगट सैल सोडतो. मनगट खाली पडतं तशी बोटं आपोआप थोडी उघडतात. मग उघडी बोटं मगाच्या कानाभोवती सरकवून तो मनगट वर उचलतो. त्याबरोबर बोटं आत वळतात, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो आणि चहाचा मग पकडला जातो. बोटांचा एकही स्नायू यात काम करत नाही. मनगट वर गेलं की बोटांच्या शिरा ताणल्या जातात आणि बोटं मिटतात, एवढंच. पण ही पकड टिकवायची तर त्या शिरा थोड्या आखूडच राहाव्या लागतात. मनगट वर धरून कुणी बोटंही मागे ताणून सरळ केली, की हळूहळू ती सैल होतात आणि पकड जाते, ती कायमची. म्हणून गल्लीतले एक मालिशवाले काका मोठ्या मायेने त्याची बोटं 'मोकळी' करायला बसले, तेव्हा मावशींनी त्यांचा हात धरला होता. त्या शाळेत सातवीपर्यंत शिकल्यात. हाताच्या शिरांचं हे गणित त्यांना माझ्याइतकंच कळतं.

हा मग दुहेरी भिंतीचा, स्टीलचा आहे. त्याच्या अंगठ्याला आणि तर्जनीला थोडं कळतं, करंगळीकडच्या बाजूला काहीच कळत नाही. साधा काचेचा ग्लास धरला तर फोड येईपर्यंत त्याला पत्ता लागायचा नाही. चहाही मावशी आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघतात.

पोह्यांसाठी वेगळी तयारी. तळहाताभोवती गुंडाळायचा एक पट्टा, त्याला आतून एक खिसा, खिशात चमच्याची दांडी. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत असे पट्टे कित्येक वर्षं बनतात. ही संस्था १९५५ पासून हेच काम करते आहे. त्याचा आत्ताचा पट्टा मात्र गल्लीतल्या चपलांच्या दुकानात शिवलेला आहे, जुन्या पट्ट्याचा नमुना दाखवून. चमचा तोंडाच्या बाजूला वाकवलाय, वाडग्याची एक कड उंच आहे आणि खाली रबराचा तुकडा आहे, म्हणजे वाडगा सरकत नाही. तो पोहे खातो, कडेला दाबून चमचा भरतो, मध्ये थांबून शेंगदाणा शोधतो. कुणी भरवत नाही. याच पट्ट्यात सकाळी टूथब्रश असतो, नंतर कंगवा, नंतर फोनवर टेकवायची रबरी टोकाची काडी. या घरातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू कोणती असं मला कुणी विचारलं तर मी बॅटरीच्या खुर्चीकडे बोट दाखवणार नाही, या पट्ट्याकडे दाखवीन.

चार वाजतात. आता खुर्चीत जायचं.

पूर्वी मावशी आणि धाकटा भाऊ त्याला काखेत आणि गुडघ्यांत धरून उचलायचे. मावशींची कंबर त्यातच गेली. आता पलंगाशेजारी पेशंट लिफ्ट उभी आहे: चाकांवरचा लोखंडी खांब, वर पुढे आलेला हात, खाली दोन लांब पाय, आणि दाबत राहिलं की हात वर उचलणारा हायड्रॉलिक दांडा. ती आली तेव्हा पहिल्या दिवशी कामालाच आली नाही. तिचे पाय पलंगाखाली सरकवायचे असतात आणि मुंबईतल्या घरांत पलंगाखाली मोकळी जागा नसते, सामानाची पेटी असते. गणपतीची आरास, जुनी भांडी, गोधड्या, सगळं त्या पेटीत. ती पेटी गेली, पलंग पायांवर आला, तेव्हा लिफ्ट सुरू झाली. ज्यांच्या घरी लिफ्ट घ्यायचं चाललंय त्यांना मी हे आधी विचारते: पलंगाखाली हात जातो का?

मावशी त्याला एका कुशीवर करतात, झोळीचा कापडी भाग पाठीखाली सरकवतात, दुसऱ्या कुशीवर करून बाहेर ओढतात. मांड्यांखालून पट्टे घेतात, आकड्यात अडकवतात. दांडा दाबायला लागतात. बासष्ट वर्षांच्या, पाच फूटही नसलेल्या बाईच्या हाताने एक तरणा माणूस सावकाश गादीवरून वर उचलला जातो. मी फक्त त्याचे पाय सांभाळते. लिफ्ट फिरते, खुर्चीवर येते, तो खाली बसतो.

"आई, डोकं ठणकतंय."

मावशी हातातलं सगळं सोडतात. त्याच्या कपाळावर घाम आहे, चेहरा लाल झालाय, दंडावर काटा उभा आहे. मीही पुढे होते, पण त्या माझ्याआधी आहेत. खुर्ची सरळ. पाय खाली सोडलेले. पोटावरचा पट्टा सैल. शर्टाचं बटण उघडलेलं. मग लघवीची नळी, वरून खाली, बोटांनी चाचपत. मांडीखालच्या झोळीच्या पट्ट्यात नळी दुमडलीय. त्या पट्टा ओढतात, नळी सरळ करतात, पिशवीत एकदम धार लागते. मी दंडाला रक्तदाबाचं मशीन लावते: वरचा आकडा १५८. त्याचा नेहमीचा ९५च्या आसपास असतो.

छातीच्या सहाव्या नसेच्या पातळीला किंवा तिच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं हे दुखणं आहे. खाली कुठेतरी त्रास होतो, मूत्राशय भरतं, पोट साफ झालेलं नसतं, बूट आवळतो, नख टोचतं. ती खबर मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही, पण शरीर तिला उत्तर देतं आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढत जातो. कारण दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. पहिला उपाय गोळी नाही: माणसाला सरळ बसवा, कपडे सैल करा, नळी बघा. हे न कळणारा माणूस डोकं दुखतंय म्हणून त्याला आडवा करील, आणि आडवं केलं की दाब आणखी चढतो. त्याच्या खुर्चीच्या पाठीला प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड लटकतंय. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलंय: मला मज्जारज्जूची इजा आहे, माझा नेहमीचा रक्तदाब ९५/६० आहे, तो १२०च्या वर दिसला तर आधी हे हे बघा. एकदा तो तापाने रुग्णालयात गेला तेव्हा कामावरच्या तरुण डॉक्टरने ते कार्ड शांतपणे वाचून काढलं आणि तसंच केलं. या घरातल्या साधनांत मी या कार्डाला फार वर मानते.

थोड्या वेळाने पुन्हा मशीन लावते. ११२. काटा बसलाय. तो डोळे मिटून बसलाय आणि मावशी पदराने स्वतःचा चेहरा पुसताहेत. रोजची गोष्ट नाही ही, पण अनोळखीही नाही.

आता उशी. खुर्चीच्या बैठकीवर हवेच्या लहान लहान कप्प्यांची काळी रबरी उशी आहे. महाग आहे आणि तिच्या किमतीपुढे लोक बिचकतात. फोमची उशी आहे ना, मग ही कशाला? मी तळहात वर करून त्याच्या बैठकीखाली सरकवते. बसायच्या हाडाचं सगळ्यात खालचं टोक बोटांना लागतं. त्याच्या खाली अर्धा ते एक इंच हवा उरली पाहिजे. त्याहून कमी असेल तर हाड थेट फळीवर टेकतं; जास्त असेल तर उशी टणक होते, माणूस वर तरंगतो, डुलतो. आज हवा कमी आहे. मावशी हातपंपाने चार-पाच वेळा दाबतात, मी पुन्हा बोटं घालते. ठीक. ही तपासणी वस्तू विकणारा शिकवत नाही. रोज न केली तर हजारोंची उशी आणि साधी सतरंजी यांत फरक राहत नाही.

खुर्ची बॅटरीवर चालते. गल्लीतल्या पथकांनी मिळून पैसे जमवले होते, तेव्हा ती आली. तिच्या दांडीवर मुळात एक गोल गोळा होता. तो मुठीत धरावा लागतो आणि मूठ तर मिटत नाही. म्हणून गोळा काढून इंग्रजी यू आकाराचा आकडा बसवलाय. मनगट त्यात टेकवलं की झालं. पुढे ढकलायचं काम कोपर करू शकत नाही, ते खांद्याने करायचं. खुर्चीची बैठक आणि पाठ एकत्र मागे कलतात. दर अर्ध्या तासाने फोन वाजतो आणि तो स्वतःला दोनेक मिनिटं मागे कलवतो, म्हणजे बैठकीवरचा भार पाठीवर जातो. फोन वाजला की तो बोलणं अर्ध्यावर सोडून मागे कलतो. मला हे बघून फार बरं वाटतं. स्वतःच्या कातडीची काळजी आता त्याच्याच हातात आहे.

ही खुर्ची आली कुठून, तर युद्धातून. दुसऱ्या महायुद्धानंतर मानेला मार बसलेले तरुण सैनिक पहिल्यांदाच जिवंत राहू लागले आणि हाताने ढकलायच्या खुर्च्या त्यांच्या काही कामाच्या नव्हत्या. कॅनडातले अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी त्यांच्यासाठी १९५०च्या दशकात बॅटरीची खुर्ची तयार केली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून अशा रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलायची शिस्त लावली. मावशी रात्री उठतात ती तीच शिस्त. त्याच रुग्णालयाशी जोडलेले रेज मेलिंग यांनी १९६०च्या सुमारास नळीत फुंकून आणि ओढून घरातले दिवे, घंटा, टंकलेखन यंत्र चालवायची युक्ती काढली. ज्यांचे खांदेही हलत नाहीत ते आजही अशा नळीवर किंवा हनुवटीवर खुर्ची चालवतात. आणि आपल्याकडे खडकीच्या, १९७४ पासून चालणाऱ्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे जवान आहेत.

"ताई, फोन."

फोन खुर्चीच्या हाताला वाकणाऱ्या दांडीवर लावलेला आहे. तो त्याच्याशी बोलतो. पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर आकडा उमटतो आणि तो इंग्रजीत आकडा म्हणतो. ते बटण दाबलं जातं. ही सोय अँड्रॉइडवर २०१८ मध्ये आली. मराठीत बोलून लिहायची सोय त्याच्या एक वर्ष आधी. पथकाच्या गटावर तो मराठीत निरोप सांगतो, फोन लिहितो, एखादा शब्द चुकतो, तो आकडा म्हणून चुकलेल्या जागी जातो, पुन्हा सांगतो. पंखा, दिवा, टीव्ही यांना हिंदीतून आज्ञा. पण पैसे पाठवायचे असले की तो आवाज बंद करतो, पट्ट्यात रबरी टोकाची काडी घालतो आणि पिनचे आकडे स्वतः एकेक करून दाबतो. पूर्वी त्याचा पिन घरात सगळ्यांना ठाऊक होता. आता कुणालाच नाही. तो दाबत असताना मावशी मान फिरवून ओट्याकडे बघतात, आणि ते त्या मुद्दाम करतात.

सहाच्या सुमारास लाईट जाते. गादीचा पंप गप्प होतो. इन्व्हर्टरचा टक् असा आवाज येतो आणि पंप पुन्हा घरघरू लागतो. इन्व्हर्टरला जोडलेल्या गोष्टी दोनच: हा पंप आणि खुर्चीचा चार्जर. पंखा नाही. मावशी फवारणीची बाटली घेऊन त्याच्या मानेवर, हातांवर पाण्याचा फवारा मारतात आणि वर्तमानपत्राने वारा घालतात. इजेच्या खाली त्याला घाम येत नाही, त्यामुळे अंग आपलंआपण थंड होत नाही. मुंबईच्या दमट हवेत त्याचा ताप असा घरबसल्या चढू शकतो. पन्नास रुपयांची ती बाटली खुर्चीच्या पिशवीत कायम असते.

लाईट येते. आम्ही खाली निघतो. दार ३२ इंचांचं आहे, खुर्ची २५ इंचांची, सहज जाते. न्हाणीघराचं दार २४ इंचांचं. तिथे ही खुर्ची कधीच जाणार नाही. त्यासाठी २१ इंची, चाकांची, खाली भोक असलेली प्लास्टिकच्या बैठकीची वेगळी खुर्ची आहे. इमारतीच्या तोंडाशी दोन पायऱ्या, मिळून बारा इंच. सोसायटीने आधी चार फुटांचा उतार केला होता. त्यावर खुर्ची मागे उलटायला आली. एक इंच उंचीला एक फूट लांबी, हा हिशेब सांगितल्यावर आता बारा फुटांचा उतार भिंतीला धरून वळवलाय. त्यावरून तो एकटा उतरतो. मी मागे हात धरून चालते, पण हात लावावा लागत नाही.

पटांगणात ओल आहे. मुलांनी गाद्या अंथरल्यात. शिट्टी वाजते, पहिला थर खांद्याला खांदा लावून गोल उभा राहतो. चौथ्यावर चढणारा पोरगा अंगाने हलका आहे, डोक्याला शिरस्त्राण. तो खुर्चीतून वर बघत राहतो. माझ्या मनात येतं की त्याला हे बघवतं कसं. पण तो बघतोय ते पकडी, पावलं, कुणाचा गुडघा थरथरतोय ते.

"थांबा!" त्याचा आवाज फार मोठा होत नाही, बरगड्यांमधले स्नायू चालत नसले की श्वास तेवढाच पुरतो. म्हणून त्याच्या गळ्यात कॉलरला लावलेला लहान माइक आहे आणि खुर्चीला छोटा स्पीकर. "दोरी कुठाय? वरच्याला दोरी लावल्याशिवाय पाचवा लावायचा नाही."

दोरी येते. मग थर उतरल्यावर तो मुलांना गोळा करतो आणि एका पोराला जमिनीवर आडवं करतो. पटांगणाच्या कडेला एक पिवळी कडक फळी आणि मानेचा पट्टा ठेवलेला आहे. "हा पडलाय. मान दुखते म्हणतोय. काय कराल?" दोघे पुढे होऊन पोराचे खांदे धरतात. "नाही. हात-पाय धरून उचलायचं नाही. एकाने डोकं धरायचं, दोन्ही कानांपाशी, आणि सोडायचं नाही. बाकीच्यांनी खांदा, कंबर, गुडघा. एकाच मोजणीवर सगळं अंग एकदम कुशीवर. मग फळी आत." ते करतात. तो पुन्हा करायला लावतो. पुन्हा. त्याला त्या दिवशी चौघांनी हातापायांनी उचलून रिक्षात घातलं होतं. त्याच्या मानेत जेवढं नुकसान पडताना झालं आणि जेवढं त्या उचलण्यात, ते आता कुणी वेगळं करून सांगू शकणार नाही. त्या चौघांतले दोघं आज इथे उभे आहेत, फळी धरून. त्याने त्यांना कधी बोल लावलेला मी ऐकलेला नाही.

२०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. थरावरून पडून दोन अवयव गमावले तर साडेसात लाख रुपयांची मदत, असं तेव्हा ठरलं. हा त्याआधी पडलेला, त्यामुळे त्यातलं त्याला काही नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आहे. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी त्यात वेगळी तरतूद आहे, काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. मावशी रात्री दर दोन तासांनी उठतात त्याचा कुणी भत्ता देत नाही. तो मिळावा, असं मी इथे स्पष्ट म्हणते.

सराव संपतो. पथकाचे दोन जबाबदार लोक त्याच्याजवळ येतात.

"दादा, यंदा हंडीच्या दिवशी स्टेजवर तुला नवीन व्हीलचेअर द्यायचं ठरलंय. पाहुण्यांच्या हस्ते."

तो थोडा वेळ काहीच बोलत नाही. वर त्याच्या घराबाहेरच्या व्हरांड्यात दोन घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकून आहेत, दोन्ही अशाच कार्यक्रमांत मिळालेल्या. देणाऱ्यांचं मन साफ होतं, ते मला माहीत आहे. पण त्यांची बैठक १८ इंच, कापडी, मधोमध खाली गेलेली. त्याच्या कंबरेची रुंदी १५ इंच. तीत बसला की तो एका बाजूला कलंडतो, कंबर वाकडी होते, गुडघे एकमेकांवर आपटतात. धड तोलायला पाठ उंच नाही. चाकं हाताने फिरवायची, तर मूठ नाही. तासाभरात बैठकीवर लाल डाग.

"अरे, खुर्ची आहे रे माझ्याकडे," तो शेवटी म्हणतो. "तिच्या बॅटऱ्या आता पहिल्यासारख्या टिकत नाहीत. दोन लागतात, बारा-बारा व्होल्टच्या. त्या द्या. आणि महिन्याला नळी आणि पिशवी लागते, त्याचं वर्षाचं बघा. स्टेजवर काही नको. ती खुर्ची द्यायचीच असेल तर..." तो शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाचं सांगतो, मागच्या वर्षी लोकलमधून पडलेला, कमरेखाली गेलेला, हात चांगले असलेला. "पण आधी ताईंना घेऊन जा. त्या माप घेतील."

ते दोघं माझ्याकडे बघतात. मी पर्समधून टेप काढते आणि उद्या सकाळची वेळ ठरवते.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या मंडळाला, ट्रस्टला, कार्यालयाला किंवा वाढदिवसानिमित्त तुम्हाला कुणाला व्हीलचेअर द्यायची असेल, तर विकत घेण्याआधी त्या माणसाच्या घरी जा. बसल्या अवस्थेत कंबरेची रुंदी मोजा. बैठक त्याहून इंचभर जास्त, त्याहून मोठी नको. बैठकीच्या कडेत आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूत दोन-तीन बोटं जागा सोडा. घराचं दार, न्हाणीघराचं दार आणि लिफ्टचं दार मोजा. उशी कुठली, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. उशीशिवाय खुर्ची देऊ नका. आणि सगळ्यात आधी त्या माणसालाच विचारा की त्याला काय हवंय. तो बॅटरी म्हणाला तर बॅटरी द्या.